निरोप सांगणाऱ्याचे ओझे



दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्ड्स मातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस ठरवून दिला आणि १९९३ पासून तो साजरा होऊ लागला. त्या दिवशीच्या आपल्या प्रार्थनेत रुग्ण येतात, डॉक्टर येतात, परिचारिका येतात, रात्रंदिवस उशाशी बसणारे नातेवाईक येतात. एक माणूस मात्र राहून जातो. तो डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मधोमध उभा असतो आणि दोघांचेही बोलणे त्याच्याच तोंडून जाते. 'दुभाष्या' हा शब्द आपल्याला कोर्टातला किंवा इतिहासाच्या पुस्तकातला वाटतो. परंतु आपल्या धर्मग्रामात असे दुभाषे घरोघर आहेत, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण अजून शाळेच्या गणवेशात आहेत.

जरा आपलीच घरे पाहू. आजी-आजोबा घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलतात. पुस्तकी मराठी त्यांना समजते, पण मनातले सांगायचे झाले की जीभ बोलीकडेच वळते. आईवडील मराठी माध्यमात शिकले, नातवंडे इंग्रजी माध्यमात. आजार साधा असेल तोवर काही अडत नाही. गावच्या डॉक्टरांना आपली बोली येते, निदान कळते. आजार मोठा निघाला की आपण लोकल पकडून मुंबईला जातो. तिथले मोठे डॉक्टर कधी बंगालचे असतात, कधी केरळचे. ते इंग्रजीत बोलतात, फार झाले तर हिंदीत. रिपोर्ट इंग्रजीत, सहीचा कागद इंग्रजीत. मग खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा त्या नातवंडाकडे वळतात. "तू सांग रे, काय म्हणतात ते."

हे केवळ आपलेच आहे असे नाही. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ सालापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. बाहेरच्या फुटपाथवर क्षणभर थांबले तरी बंगाली, भोजपुरी, आसामी कानावर पडते, आणि प्रत्येक कुटुंबात थोडीफार हिंदी जाणणारा एखादा पोरगा पुढे केलेला दिसतो. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे वारली बांधव उपचारासाठी वलसाड-सिल्वासाकडे जातात. तिथे बोली वारली, डॉक्टर गुजराती, आणि मध्ये कोणीतरी आश्रमशाळेत शिकलेला.

आता या मधल्या माणसाच्या मनात काय चालते ते पाहू.

मराठीत एक छोटासा शब्द आहे, 'म्हणे'. "यंदा पाऊस लांबणार म्हणे." बोलणाऱ्याने बातमी दिली, पण तिची जबाबदारी अंगावर घेतली नाही. आजाऱ्याच्या खाटेजवळ हा शब्द फार कामी येतो. "गाठ पसरली आहे म्हणे." हे मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात, मी आपला निरोप्या. 'म्हणे' ही कुडाची भिंत आहे. पातळ असते, वारा अडवत नाही, पण आडोसा देते.

अमेरिका, ब्रिटन यांसारख्या देशांत, जिथे अनेक भाषांचे लोक एकाच रुग्णालयात येतात, तिथे हेच काम पगारावर करणारे प्रशिक्षित दुभाषे असतात. त्यांना पहिल्याच दिवसापासून एक नियम शिकवतात, तो म्हणजे हा आडोसा घ्यायचा नाही. डॉक्टर 'मी' म्हणाले की दुभाष्यानेही 'मी' म्हणायचे. रुग्ण म्हणाला, "मला अजून मरायचे नाही," की दुभाष्याने त्याच 'मी'मध्ये, दुसऱ्या भाषेत, तेच म्हणायचे. नियमामागचे कारण रास्त आहे. त्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे पाहून बोलतात आणि कोण काय म्हणाले याचा घोळ होत नाही. पण त्याची किंमत दुभाष्या मोजतो. सकाळी एका बाळंतिणीचा आनंद त्याच्या तोंडून बाहेर पडतो, दुपारी एका बापाला सांगायचे असते की मुलगी आता शुद्धीवर येणार नाही, आणि ते त्याला 'मी' म्हणून सांगायचे असते. लगेच बापाचे उत्तरही 'मी' म्हणूनच द्यायचे असते. एका दिवसात किती जणांचा 'मी' व्हायचे?

दक्षिण आफ्रिकेत १९९६ साली आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. तिथल्या दुभाष्यांनाही असेच 'मी' म्हणत बोलावे लागे. ज्याचा छळ झाला त्याचा 'मी' आणि ज्याने छळ केला त्याचाही 'मी'. त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे त्याचा मानसिक त्रास झाला, अशा नोंदी आहेत. ज्यांनी काही केले नव्हते आणि ज्यांचे काही गेले नव्हते, अशांची ही गोष्ट.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. शब्द माझे नाहीत, आजार माझा नाही, निर्णयही माझा नाही. मग दुःख माझे का?

पवित्र शास्त्रात एक दुभाष्या आहे, त्याच्याकडे आपले क्वचितच लक्ष जाते. उत्पत्तीच्या बेचाळिसाव्या अध्यायात योसेफाचे भाऊ धान्य मागायला मिसर देशात येतात. योसेफ त्यांना ओळख देत नाही आणि दुभाष्यामार्फत बोलतो. आपण योसेफाशी कसे क्रूरपणे वागलो, हे ते भाऊ आपापसांत बोलू लागतात. या साहेबाला आपली भाषा कुठे कळते, असा त्यांचा समज. योसेफाला सगळे कळते. तो बाजूला जाऊन रडतो आणि परत येतो. योसेफाचे अश्रू शास्त्राने नोंदवले आहेत, भावांची भीती नोंदवली आहे. तो दुभाष्या मात्र तिथेच उभा आहे. त्यालाही दोन्ही भाषा येत होत्या, त्यानेही सगळे ऐकले. त्याला काय वाटले याबद्दल एक अक्षर नाही. हजारो वर्षे दुभाष्याची हीच जागा आहे. सगळे ऐकायचे आणि दिसायचे नाही.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते की निरोप सांगणारा निमित्तमात्र असतो. तो पन्हळीसारखा आहे. पाणी इकडून येते, तिकडे जाते, पन्हळीला त्याचे काय? व्यावसायिक दुभाष्यांच्या शिकवणुकीतही अशी कल्पना बराच काळ होती, आणि तिच्यात सोय आहे हे नाकारता येत नाही. पन्हळीला कोणी दोष देत नाही. पण पन्हळीला कोणी, तू कशी आहेस, असेही विचारत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही वाचला होता. तो येथे उपयोगी पडेल. ख्रिस्ताची मानवी इच्छा या प्रश्नाची चर्चा करताना ते साधनांचे प्रकार सांगतात. कुऱ्हाड आणि करवत ही निर्जीव साधने, सुतार हलवील तशी हलतात. घोडा हेही स्वाराचे एक प्रकारे साधनच, पण तो आपल्या स्वतःच्या प्रवृत्तीतून चालतो. आणि मालकाच्या आज्ञेवरून काम करणारा सेवक हे असे साधन की ज्याला बुद्धी आहे, म्हणून ते हलते ते स्वतःच्या इच्छेतून. कामाचा उगम दुसऱ्याकडे असला तरी काम या माणसाच्या आतून जाते.

दुभाष्या हा असा आहे. शब्द त्याच्या कानातून शिरून थेट तोंडातून बाहेर पडत नाहीत. आधी ते त्याला समजावे लागतात. न समजता पोपट बोलेल, पण पोपटाला भाषांतर करता येत नाही. आणि 'मी आता जगणार नाही' हे वाक्य समजून घ्यायचे, मग आपल्या भाषेत त्यासाठी शब्द शोधायचे, याचा अर्थ क्षणभर ते वाक्य स्वतःच्या मनात म्हणायचे. म्हणून दुभाष्याला दुःख होते ते तो कच्च्या मनाचा आहे म्हणून नव्हे. शब्दाचा रस्ताच त्याच्या काळजातून जातो. दुसरा रस्ता नाही.

मात्र दुःख आणि दोष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घोटाळा होतो तो इथेच.

काही वर्षांपूर्वी एक तरुणी आमच्याकडे आली. पापनिवेदनासाठी नव्हे, ऑफिसात बसून बोलायला. तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहीत आहोत. ती अकरावीत असताना आजीला एका मोठ्या रुग्णालयात नेले होते. खोलीत घरची पाच मोठी माणसे होती. डॉक्टर इंग्रजीत बराच वेळ बोलले. आजार कुठवर गेला आहे, आता केमोथेरपीने फायदा होणार नाही, वेदना होऊ नयेत म्हणून काय काय करता येईल, घरी किती दिवस मिळतील. मोठी माणसे तिच्याकडे पाहत होती. आजी तिच्याकडे पाहत होती. आजीने आपल्या बोलीत विचारले, काय म्हणतात गं? मुलीने सांगितले, "घरी जाऊन आराम करायचा, म्हणतात."

तीन आठवड्यांनी आजी गेली. आजीचा एक भाऊ होता. वाडीच्या वाटणीवरून दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. तो अंत्यविधीला आला आणि शवपेटीजवळ खूप रडला. मुलगी ते पाहत होती. आमच्यासमोर बसून तिने विचारले, "फादर, मी खरं सांगितलं असतं तर आजीनं त्यांना बोलावलं असतं का?"

या प्रश्नाला उत्तर नाही. 'नाही गं, काही फरक पडला नसता,' असे सांगून मोकळे होणे सोपे आहे, पण ते आपल्याला माहीत नाही, आणि ती हुशार मुलगी होती. आपल्याला माहीत आहे ते एवढे की आजीला तिच्या शेवटच्या दिवसांची वार्ता मिळाली नाही. ती मिळायला हवी होती. आजीचे जे गेले ते गेलेच, ते नाकारून नातीचे समाधान करता येणार नाही.

परंतु दोष कोणाचा? गंभीर पापासाठी पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. त्या मुलीला कोणी विचारले होते का, की बाळा, हे तुला जमेल का? सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात पाच मोठ्या माणसांनी आपली भीती दिली आणि स्वतः मोकळ्या हातांनी उभे राहिले. ते दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनाही रडू येत होते. पण त्यांना निदान रडायची मुभा होती. तिला बोलायचे होते.

ती वाट्याला येते तेव्हा मुले नेहमी असेच करतात. वाक्ये गाळतात, छाटतात, गोड करतात. हे खोटे बोलणे नसते, तो बचाव असतो, आजीचाही आणि स्वतःचाही. याचसाठी अमेरिकेत २०१६ साली आरोग्यसेवेच्या नियमांत स्पष्ट लिहिले गेले की तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलांना दुभाष्याचे काम सांगायचे नाही. आपल्याकडे असा नियम असो वा नसो, आपल्या घरात तो आजपासून करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मोठ्या माणसांनाही हे काम सोपे नाही, कारण शब्दच हाती लागत नाहीत. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' म्हटले की आजोबांना वाटते, चांगले झाले. 'पॅलिएटिव्ह' या शब्दाचे आपल्या बोलीत काय करायचे? बहुतेक जण सांगतात, "आता काही करता येणार नाही." डॉक्टर तसे म्हणालेलेच नसतात. ते म्हणालेले असतात की आजार बरा करता येणार नाही, परंतु वेदना, धाप, झोप, भीती यांसाठी पुष्कळ करता येईल. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केले आणि मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, हे वैद्यकशास्त्राला शिकवले. आपल्या वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन उभे राहिले, ते भारतातले पहिले हॉस्पिस. 'काही करता येणार नाही' या चुकीच्या भाषांतराला ते सदन हे जिवंत उत्तर आहे. एका वाक्याच्या भाषांतराने कुटुंब रुग्णाला घेऊन अशा ठिकाणी जाते, किंवा कोपऱ्यात खाट टाकून वाट पाहत बसते. मधल्या माणसाला याची जाणीव असते, आणि म्हणूनच त्याची जीभ अडखळते.

निर्णयाचा प्रश्न याहून कठीण. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे, पण असाधारण आणि फार भारी होणारे उपाय घेतलेच पाहिजेत असे बंधन नाही. अशा उपायांना नकार देणे म्हणजे आत्महत्या नव्हे, आणि ते थांबवणे म्हणजे दयामरण नव्हे. ख्रिस्तसभेची ही शिकवण आजही तीच आहे. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली जीवनाच्या अखेरीस कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे शुद्धीत असलेल्या रुग्णाला विचारायचे असते. पण ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नसेल तर त्याची संमती ही नुसती अंगठ्याची शाई आहे. आणि ज्याने ते पोहोचवले, त्याला पुढे कित्येक रात्री वाटत राहते की बाबांचा व्हेंटिलेटर 'मी' नको म्हटला. वाक्य त्याच्या तोंडचे होते ना!

मग खरे सांगायचे म्हणजे सगळे तोंडावर आपटायचे का? तसे नाही. ख्रिस्तसभेची प्रश्नोत्तरी सांगते की सत्य जाणून घेण्याचा हक्क आंधळा नाही, सत्य कोणाला, केव्हा आणि कसे सांगायचे हे प्रेमाने ठरवावे लागते. पण आपल्याकडे या प्रेमाच्या नावाखाली रुग्णाला वगळून सगळ्यांना सगळे माहीत असते. शेजारच्या वाडीतही माहीत असते. आमच्या मते आधी रुग्णालाच विचारावे, "तुम्हाला सगळे ऐकायचे आहे, की मुलाशी बोलू?" काही जण म्हणतील, मुलाशी बोला. तोही त्यांचा हक्क. पण बरेच जण म्हणतात, मला सांगा. त्यांना मनातल्या मनात ठाऊक असतेच. त्यांना पापनिवेदन करायचे असते, अभ्यंग घ्यायचा असतो, एखाद्या भावाला निरोप धाडायचा असतो. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तर दुभाष्याच्या डोक्यावरचे अर्धे ओझे तिथेच उतरते, कारण काय लपवायचे हे मग त्याला ठरवावे लागत नाही.

संत मार्कच्या शुभवर्तमानात क्रुसाजवळचा प्रसंग या दृष्टीने वाचून पाहा. येशू मरणाच्या वेळी आपल्या मातृभाषेत, अरामीत, मोठ्याने हाक मारतो. जवळ उभे असलेले काही जण चुकीचे ऐकतात. त्यांना वाटते, हा एलीयाला बोलावतो आहे. मरणाऱ्याचे शेवटचे बोलणे लोकांना भलतेच कळले! मार्क ग्रीक भाषेत लिहीत होता. त्याने केवळ ग्रीक अर्थ दिला असता तरी चालले असते. पण त्याने ते अरामी शब्द आधी जसेच्या तसे ठेवले आणि मग त्यांचा अर्थ सांगितला. ते बोल कठोर आहेत, देवाने आपल्याला टाकले असे विचारणारे आहेत. त्याने ते मऊ केले नाहीत. दुसऱ्या शतकातील बिशप पापियस यांनी मार्कला पेत्राचा दुभाष्या म्हटले आहे, ते उगीच नसावे.

वार्धक्यात, विशेषतः स्मृती ढासळू लागली की, मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते आणि आईच्या मांडीवर शिकलेली बोली मागे राहते. म्हणून शेवटच्या खोलीत बोली जाणणारे कोणीतरी हवेच. घरच्यांनी दुभाष्या होऊच नये असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याला मुलगा म्हणून रडायचे आहे, त्याला शक्यतो दुभाष्या म्हणून उभे करू नये. ती दोन कामे आहेत, आणि एकाच वेळी दोन्ही करणारा बहुधा रडायचे मागे टाकतो. ते रडणे नंतर कुठेतरी, भलत्याच दिवशी, भलत्याच माणसावर बाहेर पडते.

परिचारिकांविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी भगिनी मुंबईच्या रुग्णालयांत आणि परदेशातही काम करतात. कामाच्या यादीत नसलेले हे काम त्यांच्यावर रोज येऊन पडते. "सिस्टर, तुम्ही आमच्याकडच्या ना? जरा सांगा ना त्यांना." केरळच्या मुली मुंबईत येऊन मराठी शिकतात ती बहुतेक अशाच खाटांजवळ. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या काळात तर घरच्यांना आत जाताच येत नव्हते. तेव्हा याच भगिनींनी स्वतःचे फोन रुग्णांच्या कानाला लावले, जे ऐकू आले नाही ते पुन्हा सांगितले, आणि घरी फोन करून शेवटचे बोल कळवले. ड्यूटी संपली की लोकलने घरी, आणि घरी आल्यावर स्वयंपाक. त्यांच्यापैकी एखादी जेवताना गप्प असली की घरचे विचारतात, आज भाजी बिघडली का?

त्या बोलत नाहीत याला एक कारण आहे. रुग्णाचे गुपित बाहेर सांगायचे नसते. ख्रिस्तसभेला या ओझ्याची ओळख फार जुनी आहे. एखाद्याची भाषा धर्मगुरूला येत नसेल तर दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याची मुभा १९८३च्या धर्मसंहितेत आहे, आणि त्या दुभाष्यालाही गुप्ततेचे बंधन घातले आहे. ते मोडले तर त्याला शिक्षा होऊ शकते. धर्मगुरूच्या अंगावर निदान दीक्षेचा आधार असतो, वर्षानुवर्षांचे शिक्षण असते. दुभाष्या बिचारा दारातून हाक मारून आत घेतलेला असतो, आणि जन्मभराचे मौन घेऊन बाहेर पडतो.

पण मौन कशाचे, हे नीट समजून घेतले पाहिजे. दुसऱ्याने काय सांगितले, हे बोलायचे नाही. ते ऐकून मला काय झाले, हे मात्र माझे आहे. ते सांगायला कोणतीही संहिता मनाई करीत नाही. "आज एका माणसाचे शेवटचे बोलणे मी सांगितले आणि मला झोप येत नाही," यात कोणाचे नाव नाही, कोणाचे गुपित फुटत नाही. प्रशिक्षित दुभाष्यांना तर काम झाल्यावर कोणाजवळ तरी असे बोलायला शिकवतात. त्यांनी पाळलेल्या आणखी दोन साध्या गोष्टी आपल्यालाही उचलता येतील. खोलीत जाण्यापूर्वी डॉक्टरांना दोन मिनिटे बाजूला विचारावे की आज काय सांगणार आहात, म्हणजे घाव अचानक बसत नाही. आणि डॉक्टरांना सांगावे की माझ्याकडे नव्हे, आजीकडे पाहून बोला, थोडे थोडे बोला. एवढे झाले तरी मधला माणूस जरा बाजूला सरकतो आणि आजी पुन्हा खोलीच्या मध्यभागी येते.

रुग्णांना घरी प्रभुभोजन नेणाऱ्या बंधू-भगिनींशी आम्ही याविषयी बोललो आहोत. इंग्रजी किंवा हिंदीबरोबर सामवेदी अथवा वाडवळी चांगली येते, गुजराती किंवा वारली येते, आणि गरज पडल्यास एखाद्या कुटुंबासोबत रुग्णालयात जाण्याची तयारी आहे, अशांनी आपली नावे धर्मग्राम कार्यालयात द्यावीत. वय १८ पूर्ण असावे. निवृत्त परिचारिका भगिनींनी जरूर पुढे यावे. पहिल्या बैठकीत काम कसे करायचे यापेक्षा, काम करून आल्यावर कोणाकडे जाऊन बसायचे, हेच आधी ठरवू. आणि ज्यांनी पूर्वी कधीतरी, लहानपणी, अशा खोलीत उभे राहून काही सांगितले किंवा सांगितले नाही, आणि ते अजून मनात आहे, त्यांच्यासाठी कार्यालयाचे दार मिस्सानंतर उघडे असते. नाव लिहायची गरज नाही.